शाळेच्या ग्रंथपालाचे काम नेमके कोणते? नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जून महिन्यात शाळा उघडते, तेव्हा खान्देशातल्या एखाद्या माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालाच्या हातात पहिल्या दिवशी बहुधा दोनच वस्तू येतात: कपाटांच्या चाव्यांचा जुडगा आणि दाखलनोंद पुस्तक, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंदवही. काम कोणते करायचे हे सांगणारा कागद मिळत नाही, कारण बहुतेक शाळांत तसा कागद कधी तयारच झालेला नसतो. नियुक्ती आदेशावर पद, वेतन आणि रुजू होण्याची मुदत असते. पुढचे सगळे ‘ग्रंथालय सांभाळा’ या दोन शब्दांवर चालते. त्या दोन शब्दांचा अर्थ मुख्याध्यापक एक लावतात, शिक्षक दुसरा लावतात आणि मुलांना तर ती खोली कोणाची आहे हेही नीट ठाऊक नसते.

मी या कामात पुष्कळ वर्षे काढली आहेत आणि पहिले वर्ष मी वाया घालवले, हे आधीच सांगते. त्या वर्षी जे काम समोर आले ते मी घेतले: मोफत पाठ्यपुस्तकांची मोजणी आणि वाटप, शिष्यवृत्तीचे अर्ज, गैरहजर शिक्षकांच्या तासिका, परीक्षेच्या बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्या. वार्षिक अहवालासाठी मार्चमध्ये ग्रंथालयाची माहिती मागितली गेली, तेव्हा माझ्या देवघेव नोंदवहीत दिवाळीनंतर जवळजवळ एकही पान भरलेले नव्हते. मला कोणी अडवले नव्हते, पण माझे काम काय आहे हे मी कोणाला सांगितलेही नव्हते. ते काम लेखी ठरवावे, संबंधितांसमोर मांडावे आणि वर्षभर दाखवत राहावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. ज्या क्रमाने मी आज नव्याने सुरुवात केली असती, तो क्रम पुढे दिला आहे.

पहिला महिना: पाहावे, विचारावे, टिपून ठेवावे

रुजू झाल्यावर लगेच योजना मांडू नये. पहिले चार आठवडे खोली, पुस्तके आणि माणसे समजून घेण्यासाठी ठेवावेत. दाखलनोंद पुस्तकातला शेवटचा दाखल क्रमांक कोणता, त्यातली किती पुस्तके प्रत्यक्ष कपाटात आहेत, कोणत्या कपाटाला वाळवी लागली आहे, खोलीची चावी आणखी कोणाकडे असते, पावसाळ्यात भिंत कुठे ओल धरते, हे सगळे एका साध्या वहीत लिहावे. कार्यभार घेताना ताब्यात आलेल्या पुस्तकांची यादी आणि तफावत मुख्याध्यापकांच्या सहीने नोंदवून घेतल्याशिवाय राहू नये. हे काम लाजेपोटी टाळणाऱ्यांना पुढे फार त्रास होतो.

यादीपेक्षा जास्त माहिती तारीखपट्टीवर, म्हणजे देवघेवीच्या तारखांचे शिक्के मारायच्या कागदावर, मिळते. मी एकदा विज्ञानावरचे एक सुंदर चित्रमय पुस्तक कपाटातून काढले. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारीखपट्टीवर एकच शिक्का होता, तोही नऊ वर्षांपूर्वीचा, आणि त्याखालची सगळी घरे कोरी होती. पाने एकमेकांना किंचित चिकटलेली होती, उघडताना बारीक आवाज झाला. साठा पडताळणीच्या तक्त्यात त्या पुस्तकापुढे ‘सुस्थितीत’ असा शेरा होता. त्या नऊ वर्षांत ज्या मुलांच्या हाती ते पडायला हवे होते, ती मुले तोवर शाळा सोडून गेली होती. तुमच्या ग्रंथालयातली पन्नास पुस्तके अशीच कुठूनही काढा आणि मागील दोन वर्षांतला शिक्का किती पुस्तकांवर आहे ते मोजा. ही संख्या पुढे तुम्हाला फार उपयोगी पडेल.

याच महिन्यात पाच जणांना एकच प्रश्न विचारावा: ‘ग्रंथपालाने शाळेत काय करावे असे आपल्याला वाटते?’ मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, एक मराठीचे शिक्षक, एक विज्ञान किंवा गणिताचे शिक्षक आणि ग्रंथालयाचे दार उघडणारे शिपाईकाका. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत आणि मधे आपले म्हणणे मांडू नये. ‘मॅडम, तुमचं बरं आहे, वह्या तपासायच्या नाहीत’ असेही कोणीतरी म्हणेल. ते वाक्यही लिहून ठेवावे, कारण आपले काम त्यांना कुठपर्यंत दिसते आणि कुठून पुढे दिसत नाही, हे त्यातूनच कळते. मनात राग धरण्यासारखे त्यात काही नसते.

त्याबरोबर दोन आठवडे स्वतःच्या वेळेची नोंद ठेवावी. प्रत्येक तासिकेपुढे आपण प्रत्यक्ष काय केले ते लिहायचे, चांगले दिसावे म्हणून काही वाढवायचे नाही.

कागदोपत्री आधार कुठे आहे

आपल्या पदाचा कागदी पाया माहीत असावा. खाजगी अनुदानित शाळांतील नोकरीला १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू होते, आणि ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोडतो. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर झालेल्या पदांच्या तक्त्यात, आपले पद पूर्णवेळ आहे की अर्धवेळ, हे लिपिकांकडून पाहून घ्यावे. अर्धवेळ असाल तर पुढे लिहिण्याचा कागद आणखी नेमका हवा, कारण अर्ध्या वेळात पूर्ण अपेक्षा ठेवल्या जातात.

पहिली ते आठवीसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके व गोष्टींची पुस्तके उपलब्ध असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र त्याच अनुसूचीत ग्रंथपालाच्या पदाचा उल्लेख नाही. ग्रंथालय कायद्यात आहे आणि ते चालवणारा माणूस त्या ओळीत नाही, म्हणून त्या माणसाचे काम शाळेच्या पातळीवर लिहून ठरवणे जास्तच गरजेचे ठरते. गावातल्या सार्वजनिक वाचनालयांना लागू असलेला १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम शाळेच्या ग्रंथालयाला लागू होत नाही. ही गल्लत अनेकदा होते.

हे नियम आपल्या माहितीसाठी आहेत. शिक्षकांच्या खोलीत वाद झाला म्हणून नियमावलीची प्रत काढून दाखवली, तर माणसे दूर जातात आणि काम तिथेच राहते.

हरवलेल्या पुस्तकाची भीती आधी मिटवावी

शाळांतली कपाटे बंद का राहतात, याचे खरे कारण मला बऱ्याच उशिरा समजले. ग्रंथपालाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. पुस्तके मुलांच्या हातात जावीत ही एक, आणि एकही पुस्तक कमी भरू नये ही दुसरी. पहिली अपेक्षा भाषणात असते, दुसरी तपासणीच्या तक्त्यात असते आणि पुस्तक कमी भरले तर किंमत पगारातून भरावी लागेल ही धास्ती त्यामागे असते. अशा वेळी सरळमार्गी माणूसही कुलूप लावतो. म्हणून भूमिका लिहिण्याआधी हा प्रश्न मुख्याध्यापकांसमोर मोकळेपणाने ठेवावा.

यासाठी एक चांगला दाखला केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये आहे. त्यातल्या नियम २१५ नुसार, वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तके गहाळ होणे, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर, वाजवी मानले जाते. १००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी करावीच लागते. वीस हजारांपर्यंत पुस्तके असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण पडताळणी दरवर्षी व्हावी, असेही तोच नियम सांगतो. आपल्या शाळेवर हा नियम थेट बंधनकारक नाही, पण देशाच्या वित्तीय नियमांनी वापरातली झीज गृहीत धरली आहे, एवढे मुख्याध्यापकांना आणि शालेय समितीला दाखवता येते. त्या आधारावर शाळेपुरता साधा ठराव करून घ्यावा: पुस्तक हरवल्यास मुलाने तेच पुस्तक किंवा त्याची किंमत द्यावी, घरची परिस्थिती नसेल तर मुख्याध्यापकांनी सूट द्यावी, आणि वर्षअखेरीस फाटलेली व गहाळ पुस्तके समितीच्या मंजुरीने बाद करावीत. हा ठराव हातात आला की कपाट उघडताना हात थरथरत नाही. माझ्या मते नव्या ग्रंथपालाने पहिल्या वर्षात एकच लढाई लढायची ठरवली, तर ती हीच असावी.

आपले काम एका पानात लिहावे

आता लिहायला बसावे. कागद एका पानाहून मोठा करू नये, कारण दुसरे पान कोणी वाचत नाही. ‘ग्रंथालयाचा सर्वांगीण विकास करणे’, ‘वाचनसंस्कृती रुजवणे’ अशी वाक्ये त्यात येऊ देऊ नयेत. ती खोटी नसतात, परंतु ती वाचून सोमवारी तिसऱ्या तासिकेला ग्रंथपाल कुठे असेल हे कोणालाही कळत नाही. प्रत्येक वाक्यात कोणासाठी, काय, केव्हा आणि त्याची नोंद कुठे, ही चार उत्तरे असावीत. माझ्या कागदावरचे एक वाक्य असे होते: ‘इयत्ता पाचवी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका राहील, त्या तासिकेत प्रत्येक विद्यार्थी एक पुस्तक बदलेल आणि त्याची नोंद वर्गनिहाय देवघेव वहीत राहील.’ दुसरे असे: ‘शिक्षकांनी पाठ सुरू होण्याच्या आठ दिवस आधी विषय सांगितल्यास त्या विषयावरील उपलब्ध पुस्तके व मासिकांचे अंक वर्गासाठी काढून ठेवले जातील.’

अशी पाच-सहा वाक्ये झाली की त्यांचा हिशेब तासिकांत मांडावा. समजा तुमच्या शाळेत १८ तुकड्या आहेत आणि आठवड्याला ४५ तासिका होतात. प्रत्येक तुकडीला एक याप्रमाणे १८ तासिका वर्गांना गेल्या. रोज दोन याप्रमाणे १२ तासिका देवघेव आणि मोकळ्या वाचनाला, नव्या पुस्तकांची नोंद, वर्गीकरण आणि दुरुस्तीला ६, शिक्षकांसाठी साहित्य काढण्यास ४. एकूण ४० झाल्या. उरलेल्या ५ तासिकांत शाळेची इतर कामे बसू शकतात. हा हिशेब फार महत्त्वाचा आहे, कारण ‘मला वेळ नाही’ या वाक्याला कोणीही उत्तर देऊ शकतो, पण चाळीस तासिकांच्या तक्त्याकडे पाहून बोलावे लागते. अर्धवेळ ग्रंथपालाने याच तक्त्यात निम्म्या तासिका लिहून कोणत्या तुकड्या सुटतात ते उघड दाखवावे. ती निवड मुख्याध्यापकांना करू द्यावी, आपण गुपचूप करू नये.

पानाच्या शेवटी ‘ग्रंथपालाकडे नसलेली कामे’ अशी यादी जोडण्याचा मोह होतो. ती जोडू नये. पहिल्याच कागदात नकार दिसला की बाकीचा कागद त्याच नजरेने वाचला जातो.

हे सगळे लिहिताना ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांची १९३१ मधली पंचसूत्री जवळ ठेवावी: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत आपण ही सूत्रे पाठ करून लिहिलेली असतात, पण आपल्या कागदावरचे प्रत्येक वाक्य यांपैकी कोणत्या सूत्राचे आहे असे विचारून पाहिले, तर कोणते वाक्य केवळ सवयीने आले आहे ते लगेच उघडे पडते.

मुख्याध्यापकांसोबतची वीस मिनिटे

मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद ठेवून निघून येऊ नये, आणि मधल्या सुट्टीत दारात उभे राहूनही हा विषय काढू नये. ‘सर, मला वीस मिनिटे हवी आहेत, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर चालेल का?’ असे विचारून वेळ ठरवावी. सोबत तीनच गोष्टी न्याव्यात: एक पानाचा कागद, तासिकांचा तक्ता आणि पन्नास पुस्तकांच्या तारीखपट्ट्यांची मोजणी.

बोलण्याची सुरुवात आपल्या अडचणीने करू नये. मुख्याध्यापकांना दहावीचा निकाल, पाचवीच्या प्रवेशांची संख्या, नीट न वाचता येणारी मुले आणि तपासणीतले शेरे यांची काळजी असते. त्यांच्या काळजीपासून सुरुवात करावी. ‘सहावीतल्या ज्या मुलांना सलग वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मी रोज एक तासिका मोठ्या अक्षरांची पुस्तके घेऊन बसू शकते; त्यासाठी मला ही वेळ निश्चित हवी’, असे म्हटले की तासिका मागणे आणि शाळेचे काम सोडवणे एकच होऊन जाते.

गैरहजर शिक्षकांच्या तासिकांचा विषय इथेच निघेल आणि तो निघावाच. माझा अनुभव असा की सरसकट नकार टिकत नाही. त्याऐवजी दोन अटी मान्य करून घ्याव्यात: ज्या वेळी एखाद्या तुकडीची ग्रंथालय तासिका ठरलेली आहे त्या वेळी ग्रंथपालाला दुसरीकडे पाठवू नये, आणि अशा इतर तासिका आठवड्याला ठरावीक संख्येपलीकडे जाऊ नयेत. एखादा वर्ग सांभाळायचाच असेल तर तो वर्ग ग्रंथालयात आणण्याची मुभा मागावी. मुले खोलीत आली की पुस्तक हाताशी असते आणि आपल्याला फळ्यावर खोटा पाठ शिकवण्याचे नाटक करावे लागत नाही. पर्यवेक्षकांशी हे आधीच बोलून ठेवावे, कारण रोजचा तक्ता तेच लावतात.

बैठकीनंतर त्याच दिवशी कागदावर ठरलेले बदल करून, तारीख घालून, मुख्याध्यापकांची सही घ्यावी. एक प्रत त्यांच्या फाइलला, एक शिक्षक-खोलीत, एक ग्रंथालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला.

एक शिक्षक आणि एक पाठ

शिक्षक सभेत उभे राहून ‘ग्रंथालयाचा लाभ घ्या’ असे सांगण्याचा काही उपयोग होत नाही. मी ते तीन वर्षे करून पाहिले आहे. शिक्षकांना ग्रंथपालाचे काम समजते ते त्यांचा स्वतःचा एखादा पाठ चांगला होतो तेव्हा. म्हणून पहिल्या सहामाहीत एकच शिक्षक निवडावा, ज्याला थोडी हौस आहे आणि ज्याच्याशी आपले बरे जमते, आणि त्याच्या एकाच पाठासाठी मन लावून काम करावे.

खान्देशात यासाठी साहित्याची कमतरता नाही. मराठीच्या शिक्षिका बहिणाबाई चौधरी शिकवणार असतील, तर आसोद्याच्या या लिहिता-वाचता न येणाऱ्या कवयित्रीची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावाने लिहून ठेवली म्हणूनच आज आपल्याला वाचता येतात, ही गोष्ट मुलांना सांगता येते आणि तिथूनच काम देता येते. आमच्याकडे आठवीच्या मुलांनी आपापल्या आजीकडून आखाजीची आणि कानबाईची गाणी ऐकून लिहून आणली. एका मुलीच्या वहीत जात्यासाठी ‘घरोट’ हा शब्द होता. तोच शब्द बहिणाबाईंच्या कवितेत सापडल्यावर ती पुस्तक छातीशी धरून वर्गभर दाखवत फिरली. शिक्षिकेला पाठ मिळाला, मुलीला आपल्या आजीचा शब्द छापलेला मिळाला, आणि ग्रंथालयाला वीस-पंचवीस हस्तलिखित पाने मिळाली. ती पाने मी दाखल क्रमांक देऊन कपाटात ठेवली आहेत.

इतिहासाच्या शिक्षकांसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची भेट ठरवण्यात मदत करता येते; इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ मध्ये सुरू झालेली ही संस्था जुनी कागदपत्रे कशी जपली जातात हे मुलांना डोळ्यांनी दाखवते. भूगोलाला तापी आणि सातपुडा आहेत, शेतीला रावेर-यावलची केळी आहे. आणि कोणी म्हणाले की आमच्या शाळेत निधी नाही, तर अमळनेरची आठवण द्यावी. प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी १९२० च्या दशकात मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक चालवत असत. कागद, शाई आणि पहाटेची वेळ एवढेच त्याला लागत होते. ग्रंथालयाच्या दारावर आठवड्याला एक हस्तलिखित पान लावणे आजही कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे.

पाठ झाला की शिक्षकाचे नाव पुढे ठेवावे. पुढच्या शिक्षक सभेत त्या शिक्षकानेच दोन मिनिटे बोलावे, आपण गप्प बसावे. त्यानंतर दुसरे दोन शिक्षक स्वतःहून येतात.

मुलांना कळेल असे सांगावे

कपाटावर ‘८९१.४६’ एवढाच आकडा लावलेला असेल, तर तो ड्यूईच्या पुस्तक-वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक आहे हे सातवीच्या मुलाला कळण्याचे कारण नाही. क्रमांक ठेवावा, पण त्याच्या वर मोठ्या अक्षरांत ‘मराठी गोष्टी आणि कविता’ असे लिहावे. नियमांच्या पाटीवर ‘शांतता राखा’ आणि ‘दंड आकारला जाईल’ एवढेच असेल, तर आपले पद मुलांना त्याच दोन वाक्यांनी ओळखता येते. त्या पाटीवर पहिली ओळ ‘तुला कशाबद्दल वाचायचे आहे ते मला विचार’ अशी असावी.

बोलीचा प्रश्न आपल्या भागात विशेष आहे. जळगावकडे लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी, नंदुरबारच्या डोंगरात भिली, पावरी, मावची बोलणारी मुले वर्गात असतात आणि त्यांतली पुष्कळ मुले प्रमाण मराठीत मागायला संकोचतात. पहिल्या वर्षी एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत दारात यायचा आणि परत जायचा. एके दिवशी मी अहिराणीत नाव विचारले, तेव्हा त्याने लगेच विचारले, ‘बाई, हाई पुस्तक मी घर लई जाऊ का?’ तेच पुस्तक तो पंधरा दिवस दारातून पाहत होता. आपल्याला बोली येत नसेल तर दहा-बारा वाक्ये शिकून घ्यावीत. बोलीत मागितले तरी पुस्तक मिळते, हे मुलांना एकदा कळले पाहिजे.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. ज्यांचे वाचन कच्चे आहे अशा मुलांना मी पहिल्यांदा त्याचे जुने अंक देते, कारण लहान मजकूर एका बैठकीत संपतो आणि संपल्याचा आनंद पुढचे पुस्तक मागायला लावतो.

पालक आणि संस्थाचालक

इथे थोडक्यात सांगते. पालकसभेत लांब भाषण करू नये. एखाद्या मुलाकडून वाचलेल्या पुस्तकावर तीन मिनिटे बोलवून घ्यावे आणि पुस्तक घरी येईल, ते भिजू देऊ नका, हरवले तर मुलाला मारू नका, एवढे सांगावे. ज्या कुटुंबांना दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जावे लागते, त्यांच्या मुलांची पुस्तके जाण्याआधी मागून घेण्याऐवजी एखादे सोबत द्यावे की नाही, हे हरवलेल्या पुस्तकांच्या ठरावातच ठरवून टाकावे. मी देते. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना वर्षातून एकदा, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला, ग्रंथालयात बोलवावे आणि हार-तुऱ्यांऐवजी देवघेव वही त्यांच्यासमोर उघडून ठेवावी.

महिन्याचा अर्ध्या पानाचा अहवाल

ठरलेले काम चालू आहे हे दर महिन्याला दिसले पाहिजे. अहवाल अर्धे पान असावा आणि तो महिन्याच्या ठरावीक दिवशीच जावा. त्यात एकूण किती पुस्तके आहेत हा आकडा सगळे देतात, पण त्यातून काही कळत नाही. किती पुस्तके वाचायला गेली हा आकडा बरा, आणि किती वेगवेगळ्या मुलांनी ती नेली हा सर्वांत खरा. समजा शाळेत ९९० मुले आहेत आणि महिन्यात ४०० वेळा पुस्तके गेली. ऐकायला बरे वाटते. पण नोंदवही तपासल्यावर ती २१० मुलांनीच नेली असतील, तर ७८० मुलांच्या हातात त्या महिन्यात एकही पुस्तक गेलेले नाही. हा आकडा लपवू नये. तो अहवालात पहिल्या ओळीत लिहावा आणि त्याखाली पुढच्या महिन्यात कोणत्या दोन तुकड्यांकडे लक्ष देणार ते लिहावे. स्वतःहून उणीव सांगणाऱ्या माणसाच्या मागण्या मुख्याध्यापक लक्ष देऊन वाचतात, असा माझा अनुभव आहे.

याच अहवालात ‘ग्रंथालयाबाहेरील कामास दिलेल्या तासिका’ अशी एक ओळ ठेवावी आणि तिथे फक्त संख्या लिहावी, तक्रार लिहू नये. तीन महिने ही संख्या वाढत गेली तर पुढच्या बैठकीत तीच बोलेल. संगणक असेल तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली किंवा मुक्त स्रोत असलेली कोहा यांतून असे आकडे चटकन काढता येतात. नसेल तर वर्गनिहाय वहीतही अर्ध्या तासाचे काम आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी

एप्रिल संपता संपता सगळी पुस्तके जमा करून कपाटांना कुलूप लावण्याची प्रथा बहुतेक शाळांत आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी अकरापासून पाचपर्यंत मूल घराबाहेर पडू शकत नाही, आणि नेमक्या त्याच दीड महिन्यात शाळेची सगळी पुस्तके बंद खोलीत तापत पडतात. पडताळणी परीक्षेच्या काळातच उरकून घ्यावी आणि शेवटच्या आठवड्यात पाचवी ते नववीच्या प्रत्येक मुलाला दोन पुस्तके सुट्टीसाठी द्यावीत. त्यासाठी मुख्याध्यापकांची वेगळी परवानगी घ्यावी, पालकांची सही असलेली चिठ्ठी वर्गशिक्षकांमार्फत गोळा करावी आणि परतीची तारीख शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारची ठेवावी, कारण पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तकांच्या वाटपाची गर्दी असते.

त्याच आठवड्यात आपला एक पानाचा कागद दारामागून काढावा. वर्षभरात जे वाक्य पाळता आले नाही त्यावर पेन्सिलीने खूण करावी, ते का पाळता आले नाही हे समासात लिहावे, आणि नव्या तारखेचा कोरा कागद घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांकडे पुन्हा वीस मिनिटे मागावीत.